देवाजी आचाऱ्याचं चाखणं

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला लोक जरा कचरतात. ओळखीचं कुणी असलं तर ताटातली जिलबी हळूच पुरीखाली सरकवतं आणि म्हणतं, "आज एकच घेतली, म्याडम." मी काही विचारलेलंही नसतं. पण सगळा जन्म दुसऱ्यांच्या ताटात बघण्यात गेला, त्याला कोण काय करणार? चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे एक वेगळंच काम आलं. वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेणारी माणसं. ऑपरेशन नागपूरला व्हायचं. त्याआधीची तयारी आणि नंतर वर्षानुवर्षांची देखरेख आमच्याकडे, म्हणजे माझ्या जिन्याखालच्या खोलीत.

बाहेरच्यांना वाटतं, पोट कापलं की खादाडी संपली. ऑपरेशनमध्ये पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते साधारण केळ्याएवढं. भूक चेतवणारा रस बराचसा त्या काढलेल्या भागातच तयार होत असतो, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागतच नाही. माणूस खूश. पण भूक गेली तरी तलप राहते. दुपारी चारला चहासोबत काहीतरी हवंच असं वाटणं, फोडणीचा वास आला की पाय तिकडे वळणं, भांडण झालं की डबा उघडणं. हे पोटात नसतंच, त्यामुळे ते कापून काढता येत नाही. त्यासाठी माझी खोली होती.

कोरपन्याचे एक गुरुजी आठवतात. ऑपरेशन होऊन चार महिने झाले तरी वजन हलेना. शपथेवर सांगायचे की घन पदार्थाला हात लावत नाही. "तुम्हीच म्हणाल्या होत्या, पातळ पचतं." खोदून विचारलं तेव्हा कळलं की गुरुजी दर तासाला वाटीभर आइस्क्रीम घेतात. "पण वितळवून घेतो ना म्याडम! म्हणजे पातळच झालं." मला हसू आवरेना, मग तेही हसले. शिक्षक माणूस, नियमातली फट बरोबर सापडली होती. गोड-पातळ वस्तू त्या लहान पोटातून न थांबता खाली जाते, पोट भरल्यासारखं वाटतच नाही, आणि दिवसभर खाता येतं. गुरुजींचं मी एका बैठकीत मार्गी लावलं. तेव्हा मला वाटायचं, हे काम आपल्याला चांगलं जमतं.

मग देवाजी आला.

देवाजी ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातला आचारी. लग्न, बारसं, तेरवी, हजार माणसांचा स्वयंपाक एकहाती उभा करणारा. वय चव्वेचाळीस, वजन एकशे सेहेचाळीस किलो. माझ्या खुर्चीच्या हातांमध्ये तो मावेना, म्हणून दाराजवळच्या बाकावर बसला. सोबत त्याची बायको कुंदाबाई होती. लहान चणीची, तोंडात शब्द कमी. ती प्रत्येक कार्याला त्याच्यासोबत असायची, पुऱ्या लाटणाऱ्या बायका सांभाळायची. झोपेत देवाजीचा श्वास अडकायचा. रात्रीची झोप नीट नाही, म्हणून दिवसा बसल्या जागी डुलकी लागायची. एका लग्नात तेलाच्या कढईसमोर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आणि तो पुढे झुकला. कुंदाबाईनं मागून सदऱ्याची कॉलर धरून ओढलं, म्हणून वाचला. त्यानंतर तीच त्याला दवाखान्यात घेऊन आली.

मी माझ्या पद्धतीप्रमाणे त्याला वही दिली. दिवसभरात जे खाल ते लिहायचं. पंधरा दिवसांनी वही घेऊन आला. दोन वेळा भात-वरण, सकाळी पोहे, चहा. एवढ्यावर एकशे सेहेचाळीस किलो होत नाहीत.

"देवाजीभाऊ, अजून काही खाता का?"

"नाई बाई. कामावर असलो का मी खातच नाई. चाखतो फकस्त."

चाखतो म्हणजे किती, ते त्यालाही सांगता येईना. मग मीच गेले. एका रविवारी बसनं ब्रह्मपुरी गाठलं, तिथून जीपनं पुढच्या गावी, जिथे त्याच्याकडे लग्नाचा स्वयंपाक होता. मांडवामागे तीन मोठ्या चुली पेटलेल्या. मी एका बाजूला बसून त्याच्या हाताकडे बघत राहिले. वांग्याची भाजी लांब दांड्याच्या सराट्यानं तळहातावर घ्यायची आणि जिभेला लावायची, मीठ बघायला. थोड्या वेळानं पुन्हा, तिखट बघायला. वरण. मठ्ठा. जिलबीच्या प्रत्येक घाण्यातली पहिली जिलबी. वडा आतून शिजला का ते मोडून बघायचा, आणि मोडलेला वडा तोंडात. मी कागदावर रेघा ओढत होते. बारा वाजले तेव्हा त्रेचाळीस झाल्या होत्या.

त्याला तो कागद दाखवला. त्यानं बोट ठेवून रेघा मोजल्या.

"एवढे?"

"बारा वाजेपर्यंतचे."

"मोडलेला वडा पाहुण्याच्या पानात कसा ठेवू, बाई?" मग म्हणाला, "मले वाटे, ते कामात जाते. पोटात जाते असं कधी वाटलंच नाई."

इतक्या वर्षांच्या कामात मला कुणी इतकं खरं उत्तर दिलं नव्हतं.

ऑपरेशन पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत ठरलं. तेव्हा लग्नं नसतात, कामाचा खोळंबा होणार नव्हता. आधीचे दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असतं. ताक, वरणावरचं पाणी, पाण्यात कालवलेली प्रथिनांची भुकटी. जाड माणसाच्या यकृतावर चरबी साचून ते सुजलेलं असतं. ते आकसलं तर सर्जनला पोटापर्यंत नीट पोचता येतं. कागदावर हे सोपं दिसतं. कुंदाबाईनं त्या दिवसांत घरात फोडणीच टाकली नाही. स्वतःही नुसतं वरण-भात खात राहिली.

नवव्या दिवशी देवाजीचा फोन आला.

"बाई, शेजारी लाखोरीच्या डाळीचे वडे तळून राह्यले."

"मग?"

"मंग काई नाई. वास येऊन राह्यला. तुमाले सांगतलं."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनटं झाले असन."

मी म्हटलं, अजून दहा मिनिटं माझ्याशी बोला. ते वडे कसे करायचे ते मला सांगा. त्यानं सांगितलं. डाळ किती वेळ भिजवायची, पाट्यावर जाडसर का वाटायची, मिक्सरमधून काढली तर वडा आतून गच्च का होतो, सांभार, म्हणजे कोथिंबीर, कधी टाकायचा, तेल किती तापू द्यायचं. तापलेल्या तेलात पिठाचा थेंब टाकला की त्याच्या आवाजावरून तेल ओळखायचं, हेही सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज निवळत गेला. शेवटी म्हणाला, "गेला वाटते वास."

वास गेला नसणार. तलपेचा जोर साधारण एवढाच वेळ असतो. तेवढी वीस मिनिटं माणसाला कुणीतरी सोबत लागतं, नाहीतर हाताला काम लागतं. हे मी रुग्णांना नेहमी सांगायचे. त्याचा पूर्ण अर्थ मात्र मला तेव्हा कळलेला नव्हता, हे पुढे दिसेलच.

ऑपरेशन नीट झालं. पहिले दिवस चमच्यानं पाणी. मग पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. दोन चमचे वरण खायला त्याला वीस मिनिटं लागायची. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी डाळ-अंडं-मासळी आणि मग जागा उरली तर भात, प्रत्येक घास बारीक होईपर्यंत चावायचा. जन्मभर भाताच्या मुलखात राहिलेल्या माणसाला "जागा उरली तर भात" हे सांगताना मलाच वाईट वाटायचं. पण वजन उतरत गेलं. घोरणं थांबलं. एक दिवस माझ्या खोलीत त्यानं खाली मांडी घालून दाखवली आणि हाताचा आधार न घेता उठून दाखवलं. कुंदाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. तेव्हा तो एकशे सोळावर होता. पहिलाच स्वयंपाक सहाशे पानांचा. सगळं जुन्या हातानं सुरू झालं, आणि जुना हात चाखायलाही गेला. घाईत भाजीचे तीन-चार घास आणि पुरीचा एक तुकडा न चावताच खाली गेला. तो छातीत अडकला. तोंडाला पाणी सुटलं, छाती आवळून आली, आणि सहाशे माणसांचा आचारी मांडवामागे जाऊन ओकत बसला.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ऑपरेशननंतर कित्येकांची चव बदलते. कुणाला गोड जास्त गोड लागतं, कुणाला मीठ लागतच नाही. देवाजीला भाजी अळणी वाटली, म्हणून त्यानं आणखी दोन मुठी मीठ टाकलं. पहिल्या पंगतीतच बोभाटा झाला. नवरीचा बाप भर मांडवात ओरडला, "देवाजी, समुद्र वतला काय गा भाजीत?" लोक हसले.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. झालं ते सगळं सांगितलं. बाहेर रांग लागली होती, मी घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "देवाजीभाऊ, हे कामच सोडा आता. दारू सोडलेल्या माणसानं गुत्त्यावर नोकरी करायची नसते."

खरं सांगते, ते वाक्य बोलल्यावर मला माझंच कौतुक वाटलं होतं. नेमकं बोलले असं वाटलं होतं.

"हो बाई," तो म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर तो आला नाही. एक तारीख चुकली, दुसरी चुकली. फोन लागेना. मीही चार वेळा लावून सोडून दिला. अडीच महिन्यांनी कुंदाबाई एकटीच बसनं चंद्रपूरला आली. दारात उभी राहिली, बसायला तयार नव्हती.

"बाई, येजा तुमी एक डाव. हे कोनाशी बोलून नाई राह्यले. काम सोडलं. सराटे, झारे पोत्यात बांधून वर टाकले. घरीच बसून राह्यतात."

"खातात काय?"

"तुमीच येऊन पाहा, बाई."

मी त्याच रविवारी गेले. देवाजी पडवीत खाटेवर बसला होता. अंगानं उतरलेला, सदरा लोंबत होता. हातात चहाचा कप आणि मांडीवर खारीचा पुडा. खारी चहात बुडवायची, ती विरघळते, आणि न चावता जाते. शेजारी दुसरा पुडा रिकामा. मी वजनकाटा नेला होता. एकशे एकवीस. पाच किलो परत चढले होते.

"भूक लागते का?" मी विचारलं.

"नाई."

"मग काऊन खाता, भाऊ?"

"दिवसभर काय करू, बाई? हात रिकामे राह्यतात. मंग तोंड चालते." त्यानं पुडा बाजूला ठेवला. "एक बोलू का? तुमी मले दारुड्या म्हनलं."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हनलं. मी दारू कधी शिवलो नाई. पन आयका. दारुड्यानं दारू सोडली तं तो जगते. मी अन्न सोडू का? दिवसातून चार डाव तुमीच खायाले लावता. समोर अन्न येतेच. मंग ते माह्या हातचं असलं तं काय बिघडते?"

ज्या माणसाला मी वड्याची कृती सांगायला लावून तलपेतून बाहेर काढलं होतं, त्याच माणसाच्या हातून मी सराटा काढून घेतला होता. त्याची वीस मिनिटं त्या चुलीसमोरच निभावणार होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी माझ्या खोलीत कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

मग आम्ही तिघं बसून विचार करू लागलो. मी सुचवलं, चाखून थुंकून टाका. त्याचा चेहराच बदलला. "आचारी अन्न थुकते, हे लोकांनी पाह्यलं तं माह्या हातचं कोन खाइन?" ते खरंच होतं.

कुंदाबाई एवढा वेळ दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "मी चाखते."

देवाजी त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "इले तं सगळंच बरोबर लागते, बाई. वीस वर्षं झाले लग्नाले. कधी मीठ कमी हाय म्हनाली नाई."

"तुमी इचारलं कधी?" कुंदाबाई म्हणाली.

तो खाटेवरून उठला. स्टुलावर चढला आणि वरचं पोतं खाली काढलं. किलोभर वांगी होती, त्यांची भाजी टाकली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. भाजी होत आली तेव्हा त्यानं सराटा बायकोपुढे धरला.

"सांग."

कुंदाबाईनं डोळे मिटून चव घेतली. "मीठ हाय. पन मागून येऊन राह्यलं."

"मागून म्हंजे?"

"आधी तिखट लागते. मीठ अंमळ उशिरा लागते."

देवाजीनं भांड्यात वाकून बघितलं, वास घेतला. "मंग वांगं अजून पानी सोडून राह्यलं. मीठ बराबर हाय, उकळी कमी झाली." त्यानं जाळ वाढवला. पाच मिनिटांनी पुन्हा सराटा पुढे केला. "आता?"

"आता संगं येते."

तो माझ्याकडे वळला. आपल्या घरात आपल्यासारखीच एक जीभ आहे, हे त्याला वीस वर्षांनी कळलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

नियम मग आम्ही तिघांनी मिळून ठरवले. कामाला लागण्याआधी घरी बसून त्याचं ठरलेलं खाणं खायचं. चुलीजवळ गेल्यावर तोंडात काही घालायचं नाही. चव कुंदाबाईची, निर्णय त्याचा. सुरुवात साठ पानांच्या एका बारशानं केली. ते सुखरूप पार पडलं. मग वैशाखात पाचशे पानांचं लग्न आलं आणि देवाजीनं मला मुद्दाम बोलावलं.

पहिली पंगत बसली होती, द्रोण मांडून झाले होते. कुंदाबाईनं भाजी चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

देवाजीनं वास घेतला. "बराबर हाय."

"कमी हाय."

"अवो, वासावरून समजते मले."

"वासात मीठ नाई येत," कुंदाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण जागची हलली नाही. वाढपी बादल्या घेऊन ताटकळत उभे. पुरी लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. देवाजी मिठाचा डबा हातात धरून उभा होता. मागच्या वेळचा समुद्र त्याला आठवत असणार, मला तर आठवतच होता. स्वतः एक थेंब जिभेला लावणं किती सोपं होतं! सराटा त्याच्या हातातच होता.

त्यानं सराटा खाली ठेवला. "किती?"

"एक मूठ. तुमची नाई, माही."

कुंदाबाईनं डब्यात हात घालून मूठभर मीठ भाजीत टाकलं. त्यानं ढवळलं, उकळी येऊ दिली आणि बादल्या भरल्या.

मी पहिल्याच पंगतीत जेवले. भाजीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लोकांनी नुसतं पान पुढे केलं आणि दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली. आचाऱ्याला याहून जास्त काही नको असतं.

त्याला आता काही वर्षं झाली. देवाजी चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या आसपास असतो. लग्नसराईत दोन-तीन किलो चढतात, मग उतरवतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार, रक्ताची तपासणी करत राहावी लागणार. जिलबीचा घाणा निघताना अजून त्रास होतो म्हणतो, तेव्हा तिथून उठून भाताकडे जातो. कुंदाबाईचं मात्र पहिल्या वर्षातच सहा किलो वाढलं. ते कळल्यावर देवाजीनंच तिला दटावलं, आणि चमच्याऐवजी काडीनं चाखायची सवय लावली.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानंतर मी कुठल्याही रुग्णाला काम सोडा म्हणून सांगितलं नाही. काय खाता हे विचारण्याआधी दिवसभर हातानं काय करता, हे विचारायला लागले. बाहेर रांग असली तरी. ते आधी सुचलं असतं तर, कोण जाणे, जी माणसं माझ्या खोलीतून "हो बाई" म्हणून गेली आणि परत आली नाहीत, त्यातली थोडी तरी आली असती.

या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीला एका लग्नाला गेले होते. स्वयंपाक देवाजीचा होता. सगळ्या पंगती उठल्यावर तो आणि कुंदाबाई मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर जेवायला बसले. वाटीभर वरण, एक उकडलेलं अंडं, दोन चमचे भाजी, चिमूटभर भात. तो एकेक घास घेऊन चावत होता, चावतच होता. मांडववाल्यांनी दोऱ्या सोडायला सुरुवात केली होती. खुर्च्या एकात एक घालून झाल्या, बाकीच्या सतरंज्या गुंडाळून झाल्या. त्यांच्यातला एक जण दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला आणि सतरंजीच्या टोकाला हात घालत म्हणाला, "झालं का भाऊ? उचलाची हाय."

देवाजीनं हात वर करून त्याला थांबवलं. तोंडातला घास शांतपणे संपवला, मग म्हणाला,

"थांब गा जरासा. आचारी जेवून राह्यला."